तळघराला बाई चालत नाही

"थीलनबाई, खाली तुमच्या कोठडीत कोणीतरी श्वास घेतंय," एस्सर म्हणाला आणि तिच्या खांद्यावरून घरात डोकावला, जणू त्या श्वासाचा धनी आतल्या खाटेवर सापडेल. रविवारची सकाळ होती. वाल्बुर्गा थीलनच्या ओठांत टाचण्या होत्या आणि हातात परक्या बाईच्या कोटाचं अस्तर. कोलोनच्या त्या मोठ्या दुकानात ती आठवडाभर लोकांच्या कमरा ढिल्या करायची आणि बाह्या आखूड करायची, आणि रविवारी घरी तेच करायची. चाळीतल्या बाकी बाया यावर नाक मुरडत. देवाच्या दिवशी सुई हातात धरत नाहीत म्हणे. ती एकेक टाचणी काढून उशीत खोचत गेली, तोवर एस्सरने सगळं सांगून टाकलं. तो इमारतीची देखभाल करायचा आणि युद्धात त्याचा एक कान गेला होता. पण उरलेल्या कानाने बॉयलरजवळच्या कोठडीतून येणारा गुळगुळ आवाज त्याला आला होता. वासही येत होता, शिळ्या पिठासारखा. शेजारच्या कोठडीत नेटेकोव्हनबाईंची सफरचंदं होती, त्यांच्यावर चिलटांचा थर बसला होता आणि त्या बाईंनी थेट घरमालकाला फोन केला होता. जे काही असेल ते आजच्या आज बाहेर निघालं पाहिजे.

"वाइन आहे," ती म्हणाली.

एस्सरचा चेहरा पडला. त्याला माणूस हवा होता. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बिनलग्नाच्या बाईच्या कोठडीतून माणूस निघाला असता तर त्याचा हिवाळा मजेत गेला असता. "घरी कशाला करत बसता हो," तो म्हणाला. "कोपऱ्यावर मिळते की. चांगली, गोड."

"गोडच हवी तर सरबत प्या," ती म्हणाली आणि किल्ली घेऊन त्याच्या पुढे जिना उतरायला लागली.

खाली फळ्या ठोकून केलेल्या कोठड्या होत्या आणि प्रत्येकीत कुणाच्या तरी आयुष्याचा टाकाऊ भाग. तिच्या कोठडीत जुन्या गादीच्या आडोशाला वेताच्या वेष्टनातला काचेचा बुधला उभा होता. त्याच्या बुचातून निघालेली काचेची वाकडी नळी पाण्याच्या पेल्यात सोडलेली, आणि पेल्यातून बुडबुडे एकामागून एक असे धावत होते की मधे दम घ्यायलाही थांबत नव्हते. तिने काचेवर तळवा ठेवला. काच गरम होती. भिंतीपलीकडच्या बॉयलरने तिच्या रसाला ताप आणला होता. एस्सर मागे उभा राहून काहीतरी बोलत होता, तिला ते ऐकूच येत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की ही वाइन पळते आहे. पळणारी वाइन वाटेत स्वतःचं सगळं टाकून पळते. वास टाकते, दगडाची चव टाकते, आणि शेवटी पोचते तेव्हा तिच्याजवळ नुसती नशा उरते. तिच्या गावच्या उतारावरच्या, कावळकड्याच्या द्राक्षाने आजवर कशाचीच घाई केली नव्हती. तिथला उन्हाळा म्हणजे पाहुण्यासारखा, टोपी न काढता बसणारा. पाकोळ्या देश सोडून जातात तेव्हाही घड हिरवे आणि टणक असतात, तोंडात टाकले तर डोळे मिटतात. मग ऑक्टोबरात मोझेल नदी सकाळी धुकं वर पाठवते, दुपारी ते विरतं, आणि उतारावरचा काळा दगड, शाळेच्या पाटीचाच दगड तो, दिवसभर प्यालेलं ऊन संध्याकाळी वेलींच्या पायाशी हळूहळू परत करतो. त्या उसन्या उबेवर रीसलिंगचं द्राक्ष पिकतं. महिनाभर लावून जे पिकलं त्याला बॉयलरशेजारी ठेवून दोन आठवड्यांत फेसाळून टाकायचं, म्हणजे खूनच. तो खून ती स्वतः करत होती, दुसरी जागा नाही म्हणून.

दुसरी जागा होती. तिथे बाईला मज्जाव होता.

बाप मेला तेव्हा डोंगर कापला गेला. त्या मुलखात तसाच कायदा आहे, फ्रेंचांच्या वेळेपासूनचा: मुलगा असो मुलगी असो, जमिनीचे तुकडे सारखे. मोजणीवाला दोरी घेऊन कावळकड्यावर चढला आणि खालच्या ओळी तिच्या भावाला, एगॉनला, वरच्या ओळी वाल्बुर्गाला असं करून उतरला. खालच्या ओळी म्हणजे नदीजवळ, उबेत. वरच्या ओळी म्हणजे रानाच्या कडेला, जिथे वारा कुठून येतो ते वाऱ्यालाही माहीत नसतं, जिथे रानडुकरं घड चाटतात आणि द्राक्ष दहा दिवस उशिरा येतं आणि आंबट येतं. तिने तक्रार केली नाही. पण तळघर? बापाचं, आजोबांचं, डोंगराच्या पोटात कोरलेलं, पिंपांनी भरलेलं तळघर? तळघर कापता येत नाही, असं मोजणीवाल्याने हसत सांगितलं. न कापता येणारी गोष्ट मुलाकडे जाते. हे कुठल्या कायद्यात लिहिलंय असं तिने विचारलं, तेव्हा सगळे पुरुष पोरीने फार गोड प्रश्न विचारल्यासारखे हसले होते. तेव्हापासून दर वर्षी सुगीला ती कोलोनहून जायची, आपल्या ओळी तोडायची, टोपली पाठीवर घेऊन तो उभा उतार उतरायची आणि घड एगॉनच्या दाबयंत्रात ओतायची. नाताळला एगॉन तिला बाटल्यांची एक पेटी द्यायचा. एकदा तिने विचारलं होतं, यातली माझी कुठली? "बुर्गे," तो म्हणाला होता, "कॉफीत दूध पडल्यावर माझं दूध कुठलं असं विचारतेस का तू?" आणि त्याची बायको आडेले हसली होती. आडेले हसली की आधी नवऱ्याकडे बघायची.

म्हणून या वर्षी तिने कोणाला सांगितलंच नाही. एगॉनची सुगी संपली, त्याची पिंपं भरली, उतार ओका झाला, आणि ऑक्टोबर संपता संपता ती एकटी वर चढली. तिचे घड तिची वाट बघत होते. अर्धे पिवळे, अर्धे अजून हट्टी. सकाळच्या गारठ्याने बोटं इतकी बधिर झाली की कात्री बोटाला लागली तेही घड लाल झाल्यावर कळलं. तिने ते तोडले, खालच्या गावातून न जाता रानवाटेने पलीकडच्या स्टेशनावर नेले, आणि कोलोनला चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात जस्ताच्या टबात उभी राहून पायांनी तुडवले. थंडगार लगदा बोटांच्या मधून वर यायचा, बिया तळव्याला टोचायच्या. मग पडद्याच्या कापडातून तिने तो लगदा पिळला. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे बेतणाऱ्या हातांना इतका जोर असेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं. रस बुधल्यात पडला तेव्हा ती त्याच्याजवळ लादीवर बसून राहिली. यीस्ट घातलं नाही, साखर घातली नाही, काहीच नाही. तिसऱ्या दिवशी रस आपला आपण बोलायला लागला. जे बोलणं पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत ऐकायला तिला पन्नाशीच्या जवळ यावं लागलं, ते गावातला कुठलाही बावळट पोरगा मिसरूड फुटायच्या आत ऐकत होता.

कारण नीडरलायमध्ये, तिच्या गावात, तळघराला बाई चालत नाही. वर्षभर चालते. पिंपं घासायला चालते, बाटल्या धुवायला चालते, पुराचं पाणी शिरलं की बादलीने उपसायलाही चालते. पण सुगीपासून नाताळच्या प्रार्थनेपर्यंत, रस आंबत असताना, बाईने उंबरा ओलांडायचा नाही. बाईच्या अंगात काय काय असतं, वाइन नासते. बाईचा पाय पडला की पिंप उलटतं, शिरका होतं. हे सांगणारे लोक रानटी नव्हते. त्यांच्याकडे ट्रॅक्टर होते, टीव्ही होते, एकाचा मुलगा विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होता आणि तोही हेच म्हणायचा, फक्त हसून म्हणायचा. वेली बांधायला मात्र बायाच. फेब्रुवारी-मार्चात दमट दिवस बघून, छाटणीनंतर उरलेली लांब काडी वाकवून तिचं वेटोळं खुंटाला वेताने बांधायचं हे काम पुरुषाच्या हाताला जमत नाही म्हणायचे, काडी कडकन मोडते. त्यामुळे साऱ्या कावळकड्यावर जे फळ लागायचं ते बाईने वाकवलेल्या काडीवर लागायचं. त्याच द्राक्षाचा रस खाली गेला की बाई अपवित्र. वाल्बुर्गा, घरातली बुर्गी, लहानपणी हा हिशेब मनात मांडून बघायची आणि तो कधी जुळायचा नाही. मोठेपणी तिला कळलं, तो जुळावा म्हणून मांडलेलाच नव्हता.

आणि कोणी फार विचारलंच तर प्लोनीचं नाव काढायचे. आपोलोनिया, बापाची धाकटी बहीण. घरात सगळ्यांची प्लोनी आत्या. तिने लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरची चूल, डुकरं, पोरं सांभाळायची आणि गाताना फार वरच्या पट्टीत गायची, इतक्या की चर्चमधला बाजेवाला वळून बघायचा. बुर्गी नऊ वर्षांची होती. नोव्हेंबरातली सकाळ, घरात कोबीचं लोणचं संपलेलं, लोणच्याची बरणी तळघरात, आणि घरातले पुरुष उतारावर. प्लोनी म्हणाली, वाइन नासली तर नासली, पोरांना जेवायला काय घालू, आणि जिना उतरली. ती परत आली नाही. बुर्गीने वरून हाका मारल्या. आत्या पायऱ्यांच्या तळाशी कुशीवर पडलेली दिसत होती, एक हात डोक्याखाली, दुपारी डुलकी घ्यायची तशी. शेजारच्या म्हाताऱ्याने बुर्गीची वेणी धरून तिला मागे ओढलं म्हणून ती वाचली. वेणी ओढल्याची ती कळ तिला अजून मानेत आठवते, रडू आठवत नाही. गावाने निकाल देऊन टाकला: तळघराने बाईला मारलं. पाद्रीबाबांनी कबरीपाशी देवाच्या मर्यादेबद्दल काही सांगितलं. बापाने त्या वर्षीची वाइन ओतून दिली नाही, चांगली विकली. प्लोनीमुळे ती नासली नव्हती. हेही गावात कोणी बोललं नाही.

खरं काय ते तिला एगॉनने सांगितलं, तेही बढाई मारता मारता. तो चौदाचा झाला तेव्हा बापाने त्याला पहिल्यांदा आंबत्या तळघरात नेलं. वर आला तो छाती काढून. गोठ्यात ती गाईची धार काढत होती, तिच्याजवळ येऊन त्याने पुरुषांचं गुपित फोडलं. दाराआड खिळ्याला मेणबत्तीचा दिवा टांगलेला असतो ना, तो नुसता उजेडाला नसतो. आंबताना रसातून हवा सुटते, ती जड असते, दिसत नाही, वास येत नाही, तळाशी तळ्यासारखी साचते. म्हणून उतरताना दिवा वर धरायचा नाही, गुडघ्याशी धरायचा. ज्योत आडवी झाली, निळी पडली की तिथेच थांबायचं. विझली की उलट्या पावली वर. आणि तळालगत नदीच्या बाजूला लोखंडी झडप आहे, ती बाहेरून उघडायची, म्हणजे ती हवा पाण्यासारखी वाहून जाते. बस्स, एवढंच आहे. एगॉन हसत होता. दूध बादलीत पडत होतं. बुर्गीने विचारलं, "आत्याला हे माहीत होतं?" तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "बायकांना कशाला सांगायचं? त्यांनी उतरायचंच नसतं ना."

तिने बादली लाथेने उलटी केली होती. त्यासाठी बापाचा मार खाल्ला, का केलं ते सांगितलं नाही. सांगायचं तरी कोणाला? ज्याला सांगायचं त्याला माहीतच होतं. आत्या गेली त्या सकाळी गारठा होता आणि गारठ्याने रस झोपी जाईल, आंबणं थांबेल म्हणून झडप बापानेच बंद केली होती. झडप बंद करणाऱ्याला ठाऊक होतं खाली काय साचणार आहे. वाड्यात बहीण होती, मुलगी होती, आणि त्यांच्या रक्षणासाठी त्याच्याकडे एक वाक्य होतं: बाई चालत नाही. मेणबत्ती गुडघ्याशी धर, हे वाक्य त्याहून फार लांब नव्हतं. त्याने दोन्हींतलं पहिलं निवडलं होतं. त्याच्या बापानेही तेच निवडलं असणार. पोरींना भीती दिली, पोरांना दिवा दिला. याला ते लोक परंपरा म्हणत आणि सणाला त्या परंपरेच्या नावाने पेले उंचावत.

"तर मग संध्याकाळपर्यंत," एस्सर मागून म्हणत होता. त्याचा आवाज आता बराच मऊ झाला होता. मोरीत ओतून टाकायला हवं तर मी मदत करतो, म्हणाला. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, ओतायचं नाही, पाठीवर चढवायला मदत करा.

सुगीची टोपली माळ्यावर होती. तिचे चामड्याचे पट्टे तिच्या खांद्यांच्या मापाचे झिजलेले. बुधला तिने कोटाच्या अस्तरात गुंडाळला. परक्या बाईचा कोट, असू दे. नळीचा पेला काढून नळीच्या तोंडाला ओल्या कापसाचा बोळा बसवला, म्हणजे आतली हवा सुटेल आणि चिलटं शिरणार नाहीत. एस्सरने "एक, दोन" म्हणत टोपली उचलून दिली आणि वजन तिच्या कमरेत उतरलं, ओळखीचं, जुन्या भांडकुदळ मैत्रिणीसारखं. स्टेशनावर सगळं शहर वेडं झालेलं. अकरा नोव्हेंबर होता, सोंगांच्या उत्सवाचा मोसम त्या दिवशी उघडतो आणि कोलोनचे विदूषक वर्षाची पहिली दारू पितात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, रंगवलेल्या नाकांचे, गळ्यात ढोल अडकवलेले लोक डब्यात घुसले. ती पाठीवरचं ओझं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. बुधला अस्तराच्या आतून गुळगुळत होता. समोरच्या जाड्या विदूषकाने कान लावला.

"काय घेऊन चाललात बाई? नवरा की काय?"

"नवरा असता तर इतका वेळ बोलत बसला नसता, झोपला असता."

डबा खिदळला. त्याला घोटभर हवी होती. तिने बूच सैल करून त्याच्या पत्र्याच्या पेल्यात थोडी ओतली, ढगाळ, पिवळट, फेसाची. तो प्याला आणि त्याचं रंगवलेलं तोंड लिंबू पिळावं तसं आवळलं, डोळ्यांतून पाणी आलं. आई गं, म्हणाला, माझे दात कुठे गेले. बाकीचे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. बुर्गीच्या छातीत मात्र काहीतरी सैल झालं. आंबट होती. बॉयलरने सगळं खाल्लं नव्हतं. तो आंबटपणा म्हणजे वरच्या ओळींचा वारा होता, रानाची सावली होती, दहा दिवसांचा उशीर होता. एगॉनच्या पिंपात तो दर वर्षी खालच्या ओळींच्या गोडव्यात बुडवून मारला जायचा. व्यापाऱ्याला गोड लागतं, शहराला गोड लागतं, बूच काढलं की पिणाऱ्याचं कौतुक करणारी वाइन लागते. ही वाइन कौतुक करणार नव्हती. तिला फक्त थंडी हवी होती, वेळ हवा होता. नदीकाठच्या दगडात हिवाळाभर झोपून वसंतात वेलींबरोबर पुन्हा जागं व्हायचं होतं, आजोबांच्या वेळी सगळीच वाइन करायची तसं. ती थंडी, तो वेळ द्यायला बुर्गी निघाली होती. वाटेत भाऊ होता. असू दे.

नीडरलायला उतरली तेव्हा दुपारची प्रार्थना संपून चर्च सुटलं होतं. गल्लीतल्या बाया बोलता बोलता थांबल्या. टोपली पाठीवर, सुगी संपून महिना होत आलेला, आणि टोपलीतून आवाज. तिने सगळ्यांना मान डोलावून नमस्कार केला, एकीलाही काही सांगितलं नाही. एगॉन अंगणात रबरी नळ्या धूत होता, रविवारचा चांगला सदरा घालून. तो वाईट माणूस नव्हता. हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर बुर्गीने त्याला केव्हाच सोडलं असतं. त्याने टोपली बघितली, आवाज ऐकला आणि त्याला लगेच कळलं, कारण मूर्खही नव्हता तो.

"वरच्या ओळी," तो म्हणाला. "मला वाटलं डुकरांनी खाल्ल्या."

"मी खाल्ल्या. मला तळघरात जागा हवी. आजोबांच्या छोट्या पिंपाजवळचा कोपरा, झडपेशी. थंड."

त्याने नळी खाली ठेवली. मग तो पुष्कळ बोलला, आधी गमतीने, मग नेटाने. नाताळनंतर ये, म्हणाला, काय वाटेल ते ठेव, अख्खी भिंत देतो. आत्ता ठेवायचंच असेल तर बुधला माझ्याजवळ दे, मी खाली नेतो. लोक बघतायत. माझा विश्वास आहे असं नाही बुर्गे, पण व्यापाऱ्याला कळलं की या तळघरात या दिवसांत बाई गेली होती, तर तो भाव पाडेल. त्याला निमित्तच हवं असतं. आणि आज झडप बंद आहे, चार दिवस बंद आहे. थंडी पडली आहे, उघडली तर माझा सगळा रस झोपेल, मग व्यापाऱ्याला नाताळनंतर काय देऊ, बर्फ? "दे इकडे," तो शेवटी म्हणाला आणि दोन्ही हात पुढे केले.

हात चांगले होते. त्याच हातांनी लहानपणी तिला बर्फातून ओढलं होतं. ते हात पुढे येताच तिला वाटलं, द्यावा. संपवावं. कोपरा मिळतो आहे, थंडी मिळते आहे, वाइन वाचते आहे. मग उरलं काय? उरलं एवढंच की ती पुन्हा उंबऱ्याबाहेर उभी राहील आणि तिचा रस पुन्हा एका पुरुषाच्या हाताने खाली जाईल, आणि खाली काय चाललंय ते तिला विचारावं लागेल. तिने टोपलीचे पट्टे आणखी घट्ट ओढले. स्वयंपाकघराच्या दारात आडेले उभी होती, हातांना पीठ लागलेलं. ती वरच्या पठारावरची, बटाट्याच्या गावची. या घरात येऊन वीसेक वर्षं झाली होती आणि दर हिवाळ्यात ती लोणच्याची बरणी हवी असली की नवऱ्याला हाक मारायची.

"आडेले," बुर्गी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, पण गल्लीपर्यंत पोचेल इतका ठेवला. "दाराआड खिळ्याला दिवा टांगलेला आहे, तो कशाला आहे माहीत आहे तुला?"

"बुर्गे, गप्प बस," एगॉन म्हणाला.

"उजेडाला," आडेले म्हणाली आणि सवयीने नवऱ्याकडे बघितलं. नवरा जमिनीकडे बघत होता. तिने मग बघणं सोडून दिलं.

बुर्गीने सांगितलं. गोठ्यात जे ऐकलं होतं ते सगळं, जड हवेचं, ज्योतीचं, झडपेचं. सांगायला फार वेळ लागला नाही. इतकंच होतं ते, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी एक बाई मेली होती. गल्लीतल्या बाया फाटकाशी आल्या होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी, प्लोनीबरोबर चर्चमध्ये गाणारी, फाटकाचा खांब धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. प्रार्थना होती की शिवी, ते दुरून कळत नव्हतं.

"वीस वर्षं," आडेले एगॉनला म्हणाली. "वीस वर्षं मी या घरात झोपते. आपली लीझेल इथे रांगली. एकदा दार उघडं राहिलं असतं तर?"

"म्हणून तर सांगायचो ना, जायचं नाही म्हणून," एगॉन म्हणाला. त्याला खरोखर वाटत होतं की हे उत्तर आहे.

बुर्गीने तळघराचं दार ओढलं. आतून तो वास आला, ओल्या दगडाचा, सफरचंदाच्या सालीचा, आणि त्याखाली नाकात टोचणारं काहीतरी. तिने दिवा खिळ्यावरून काढला, पेटवला आणि गुडघ्याशी धरला. पाठीवर ओझं घेऊन वाकून उतरायला त्रास होत होता. आयुष्यभर या घराने तिला वाकायला शिकवलं होतं, आज त्याचा उपयोग झाला. पायऱ्या थंड होत्या, मधे झिजून खोलगट झालेल्या, पुरुषांच्या बुटांनी. खाली अंधारात पिंपं कुजबुजत होती, सगळी एकाच वेळी, पावसाळी नदीसारखी, आणि तिच्या पाठीवरचा बुधला त्यांना उत्तर देत होता. अर्ध्या जिन्याच्या जरा खाली ज्योत कलली. आडवी झाली, कडेने निळी पडली. पुढची पायरी दिसत होती, कोरडी, साधी, बसायला बोलावणारी. प्लोनी तिथून पुढे गेली होती, गुणगुणत. मागे फिरायला हरकत नव्हती. दिवाही पुढे जाऊ नको म्हणत होता. पण ती वर गेली असती तर गावाने उद्या सांगितलं असतं की बाई गेली आणि तळघराने परत पाठवली. ती होती त्या पायरीवर बसली. टोपली मागच्या पायरीला टेकली. मागे पावलांचा आवाज आला आणि कोणीतरी तिच्या वरच्या पायरीवर टेकलं. कणकेचा वास आला. आडेलेचा श्वास जोरात चालला होता.

"कुठे धरायचा म्हणालीस?"

बुर्गीने तिचा हात घेऊन दिव्याच्या कडीवर ठेवला आणि दिवा खाली नेला, ज्योत निळी पडेपर्यंत, मग जरासा वर, ती उभी राहीपर्यंत. आडेलेने स्वतःहून पुन्हा खाली नेला, पुन्हा वर आणला. पुन्हा एकदा. एखादं ओझं उचलून त्याचं वजन बघावं तसं.

"वर या दोघी," एगॉनचा आवाज आला. दारात त्याची आकृती होती. मागे उजेड होता, तोंड दिसत नव्हतं. "बुर्गे, ऐक. आडेले, पोरी आहेत घरात, वेडेपणा करू नकोस."

"आम्ही कुठेही चाललो नाही," बुर्गी म्हणाली. "झडप उघड."

"सगळी पिंपं गार पडतील. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तुला काय काय माहीत आहे तेही मला माहीत आहे. उघडायची की नाही ते तू ठरव. बाबांनी त्यांचं ठरवलं होतं."

बुर्गीला डोकं जड वाटत होतं, हवेने की भीतीने ते कळत नव्हतं. तिला वाटलं, उघडली नाही तरी मी वर जाणार नाही. मग वाटलं, हा मूर्खपणा आहे, मरून कुणाचं काय सिद्ध होतं, प्लोनीचं काय झालं. मग वाटलं, नाही, प्लोनी न कळता गेली. मी कळून बसले आहे. हातात दिवा आहे. ज्योत उभी आहे तोवर मी बसेन, आणि कलली तर एक पायरी वर सरकेन, आणि तिथे बसेन. संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंत, नाताळपर्यंत. दुकानाला सांगावं लागेल. त्या बाईच्या कोटाचं काय ते बघावं लागेल. तिला हसू आलं. आडेलेने का हसतेस विचारलं, आणि बुर्गीने तिला कोटाचं सांगितलं. आडेलेही हसली, या वेळी आधी कोणाकडेही न बघता.

दारातली आकृती नव्हती. ती केव्हा गेली ते दोघींनाही दिसलं नव्हतं. मग घराला वळसा घालून जाणारी पावलं ऐकू आली, सावकाश, रविवारच्या बुटांची. ती नदीच्या बाजूला थांबली. थांबूनच राहिली. किती वेळ ते बुर्गीला सांगता आलं नसतं. लोखंड गंजलेलं होतं, एकदा कुरकुरलं, अडकलं. बाहेर एगॉन काहीतरी पुटपुटला. पुन्हा कुरकुरलं. आणि मग तिच्या घोट्यांना वारा लागला, बर्फासारखा, चिखलाच्या आणि सडक्या पानांच्या वासाचा, नदीवरचा. तळाशी साचलेलं ते न दिसणारं काहीतरी हळूहळू वाहायला लागलं असेल, बाहेर, पाण्याकडे. अंधारातली पिंपं जरा हळू बोलायला लागल्यासारखी वाटली.

बुर्गी एक पायरी खाली सरकली. मग आडेले.